ओल्या जमिनीवर दुप्पट

फोन आला तेव्हा मी वर्कशॉपमध्ये दोघांना झापत होते. पंख्याचा कंडेन्सर चार्ज करायचा आणि ‘झेल रे’ म्हणून मित्राकडे फेकायचा, हा इलेक्ट्रिशियन ट्रेडमधला फार जुना विनोद. झेलणाऱ्याच्या हाताला सणकन झटका बसतो, तो उडतो आणि बाकीचे हसतात. सोलापूरच्या एका खासगी आयटीआयमध्ये मी एकोणीस वर्षं हा ट्रेड शिकवते आहे. दरवर्षी नवी बॅच हा विनोद जणू आपणच शोधून काढला अशा थाटात करते आणि दरवर्षी मी तितकीच चिडते.

फोन माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा होता. मुलगी मैंदर्गीची, घरात कानडी, आणि आमच्याकडे आली तेव्हा सगळ्या वर्गात एकटीच मुलगी. मोटरचं वाइंडिंग असं भरायची की मी तिचं काम पुढच्या बॅचला दाखवायला जपून ठेवलं होतं. नंतर ती पुण्याला गेली, कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकली आणि मोबाइलचे गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागली.

“मॅडम, एक विचारायचं होतं. हसू नका हं.”

“विचार की.”

“वायर नसलेली शॉकची बंदूक होऊ शकते का?”

मी हसले नाही. म्हटलं, नीट सांग. तिनं सांगितलं. त्यांच्या नव्या गेममध्ये एक पहारेकरी आहे. त्याच्या हातात एक बंदूक द्यायची आहे. तीस मीटरवरून ती निळी रेघ सोडते, समोरचा माणूस थरथरतो, पडतो, पण मरत नाही. खऱ्या बंदुकांत दोन बारीक तारा उडतात हे त्यांना माहीत होतं. तारा त्यांना नको होत्या, दिसायला बऱ्या दिसत नाहीत म्हणून. “खोटी चालेल, पण खोटी वाटायला नको, असं आमचे सर म्हणतात. मी म्हटलं, माझ्या मॅडमना विचारते.”

खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. फ्यूज, अर्थिंग, स्टार-डेल्टा यांच्या पलीकडचं काही मला एवढ्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. दोन दिवस मी त्यातच होते. जेवताना आकडेमोड, भाजी निवडताना आकडेमोड. वर्गातल्या फळ्यावर चित्रं काढली आणि मुलांना म्हटलं, सांगा बघू, कशी बनवाल?

पहिली गोष्ट मी त्यांना सांगितली ती हीच, की विजेला जायला वाट लागते आणि परत यायलाही वाट लागते. नुसती एक निळी रेघ माणसाच्या छातीवर जाऊन थांबत नसते. म्हणून खऱ्या बंदुकीला दोन तारा असतात, एक जायची, एक यायची. आता तारा काढा. हवेतून वीज न्यायची तर एका सेंटिमीटरला ढोबळमानानं तीस हजार व्होल्ट. तीस मीटरला किती? मुलांनी गुणाकार केला. नऊ कोटी. म्हणजे ती बंदूक नाही, आभाळातली वीज झाली. आणि तीही समोरच्या माणसावर कशाला जाईल, वाटेतल्या खांबावर नाहीतर पत्र्यावर जाईल. दुसरा मार्ग, लेसरनं हवेत वाट करून द्यायची. कागदावर जमतं, पण यंत्र उचलायला टेम्पो लागेल. तिसरा, मिठाच्या पाण्याची धार. ती दहा पावलांत तुटून थेंब थेंब होते आणि थेंब तुटला की वाट तुटली.

शेवटी मला सुचलं ते असं: वीज पाठवूच नका, बॅटरी पाठवा. एक जाड गोळी, तिच्यात लहानशी बॅटरी आणि कंडेन्सर, पुढे दोन टाचण्या. ती कपड्यातून टोचली की जाण्या-येण्याची वाट अंगातच पूर्ण होते. वजन किती, वेग किती, ती डोळ्याला लागली तर काय, हे सगळं मी चार पानांत हातानं लिहिलं, आकृत्या काढल्या, फोटो काढून पाठवले. खाली एक सूचनाही लिहिली, की झटका बसलेला माणूस पाच सेकंदांत उठेल असं धरून चालू नये.

ती सूचना मी उगाच लिहिली नव्हती.

मी अकरा वर्षांची असताना आमची आत्या आमच्याकडे राहत होती. करमाळ्याकडची. नवरा गेल्यावर भावाकडे आली आणि टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायला लागली. तिच्या हाताला जी चपळाई होती ती मी परत कुणात पाहिली नाही. आमची गल्ली बुद्धविहाराच्या मागची. तिथं तेव्हाही नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं आणि आलं की धार अशी बारीक, की प्रत्येक घर नळाला मोटर लावायचं. आमची मोटर जुनी, वायरला दोन ठिकाणी चिकटपट्टी. अर्थिंग हा शब्द आमच्या घरात कुणी ऐकलेला नव्हता.

दुपारी पाणी आलं. आत्यानं मोटर सुरू केली, ती घरघरली पण पाणी ओढेना. आत्या ओल्या फरशीवर अनवाणी उकिडवी बसली आणि हलवून बघायला तिनं मोटरच्या लोखंडी अंगाला हात लावला. मी दारात उभी होते. आत्या थरथरायला लागली. मान कडक, दात घट्ट, डोळे माझ्याकडे. तिच्या तोंडून आवाज आला नाही. लोकांना वाटतं माणूस ओरडतो. ओरडत नाही, त्याला ओरडताच येत नाही. हाताची बोटं आपोआप मिटतात आणि जे धरलंय ते सोडता येत नाही.

आणि मी हसले. आत्या मला हसवायला नेहमी काहीबाही करायची, मला वाटलं तसंच काहीतरी चाललंय. शेजारच्या काकी भिंतीपलीकडून ओरडल्या, “अगं पोरी, बटन बंद कर की! चिकाटली ती!” तेव्हा मी आत पळाले आणि प्लग उपटला.

आत्या वाचली. सगळे म्हणाले, नशीब. पण उजव्या हाताची दोन बोटं तिला नीट मिटता येईनात आणि शिवताना हात कापायचा. कडा वाकडी जायला लागली. महिन्याभरात कारखान्यानं तिला घरी बसवलं. मुकादम म्हणाला म्हणे, “बाई, तुझ्या हातात दम ऱ्हायला न्हाय.” ती रात्री दचकून उठायची, सांगितलेलं विसरायची. गल्लीतली पोरं तिच्यासमोर दात आवळून अंग थरथरवून दाखवायची आणि पळायची. एकदा शाळेत मीसुद्धा ते करून दाखवलं, मैत्रिणींनी हसावं म्हणून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आत्याला मात्र कुठून तरी कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, “तुला लई चांगलं जमतं म्हणं.”

मी इलेक्ट्रिशियन झाले ती त्यामुळे. लोक विचारतात तेव्हा मी विषयाची आवड होती म्हणून सांगते.

तर माझी चार पानं कंपनीला आवडली. सरांना, म्हणजे त्या गेमच्या प्रमुखाला, माझ्याशी बोलायचं होतं. मी आयटीआयच्या ऑफिसात लॅपटॉप लावून बसले. पडद्यावर पाच-सहा चौकोन. प्रमुख तिशीतला, मऊ बोलणारा. माझी विद्यार्थिनीही होती, पण तिनं कॅमेरा बंद ठेवला होता, नुसता तिचा गोल फोटो दिसत होता.

“मॅम, तुमची बॅटरीवाली गोळी जबरदस्त आहे. आम्ही ती बसवूनच टाकली. आता एक लेव्हल दाखवतो. खरं वाटतं का एवढंच सांगा.”

चित्र सुरू झालं. कडक उन्हातलं एक गाव, तिथं पाण्याचा टँकर आलाय. खेळणारा म्हणजे टँकरचा पहारेकरी. बायका कळश्या घेऊन धावत येतात, रांग मोडतात, आणि पहारेकऱ्यानं त्यांना आडवं करायचं. गोळी सुटली. निळी रेघ जमिनीपर्यंत चमकली. एक बाई दात आवळून थरथरली, डोक्यावरची कळशी ठणठण करत घरंगळली, कुठलासा टुणटुण आवाज आला आणि वर आकडा उमटला. पाच सेकंदांनी बाई उठली, कंबर चोळली आणि लंगडत निघून गेली. पडद्यावरचे चौकोन हसले. कंबर चोळणं बहुतेक कुणीतरी नव्यानंच घातलं होतं, कारण एकजण म्हणाला, “हे भारी झालंय.”

माझं लक्ष मागच्या गल्लीकडे गेलं. प्रत्येक दारासमोर निळी प्लास्टिकची पिंपं, तोंडाला फडकी बांधलेली. एका भिंतीवर पाण्याच्या पाइपचा तो विशिष्ट वळसा. ती माझी गल्ली होती. माझ्या गच्चीवरून दिसते तशी. ही पोरगी अभ्यासाला माझ्याकडे यायची, तेव्हा एकदा म्हणाली होती, मॅडम, फोटो काढू का? मी म्हटलं होतं, काढ की.

“काय वाटतं मॅम? खरं वाटतंय ना?”

मी म्हटलं, “तिथं पाणी सांडलंय.”

“हो, ते पाणी आम्ही मुद्दाम…”

“त्या पाण्यात सगळ्या अनवाणी उभ्या आहेत. तुमची बंदूक मी सांगितली तशी असेल तर वीज त्या दोन टाचण्यांतच फिरेल. पण तुम्ही निळी रेघ जमिनीपर्यंत दाखवताय. तशी वीज पाण्यात उतरली तर मागच्या चार बायका पडतील, पहारेकरीही पडेल. आणि पडलेल्या सगळ्या उठणार नाहीत. कुणाचं हृदय थांबेल. कुणी पडताना टँकरच्या चाकावर डोकं आपटेल. कुणी उठेल आणि जन्मभर तिचा हात कापत राहील. कंबर चोळून कुणी जाणार नाही.”

“मॅम, करेक्ट. पण शेवटी गेम आहे.”

“मग मला कशाला विचारलंत?”

तो तितक्याच मऊ आवाजात म्हणाला, “बंदूक खरी वाटावी म्हणून.”

माझा तोल गेला तो इथं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की ऑफिसातला क्लार्क उठून दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, तुमच्या घरी चोवीस तास पाणी येतं ना? बंदूक खरी वाटायला पाहिजे, गोळीचं वजन खरं पाहिजे, टाचणीची लांबी खरी पाहिजे, आणि जिला ती लागते ती बाई तेवढी खोटी चालते तुम्हाला? तिला हाडं नाहीत, काळीज नाही, उद्या कामावर जायचं नाही? पाणी भरायला आलेली बाई तुम्हाला चोर वाटते? मी म्हटलं, माझी चार पानं परत द्या. मग लॅपटॉप बंद केला. तोही नीट बंद होईना, ते गोल चक्र फिरतच राहिलं, त्यानं आणखी चिडले.

संध्याकाळी त्या पोरीचा फोन आला. मला वाटलं, माफी मागेल.

“मॅडम, तुम्ही मला विचारायचं तरी होतं आधी.”

“काय विचारायचं? माझी गल्ली त्यात घालताना तू मला विचारलंस?”

“फोटो मीच दिले. गल्ली पाहिजे म्हणाले, दिली. टँकर आणि बायका नंतर आल्या. मी बोलले होते, नको म्हणून. एकदा बोलले, दोनदा बोलले. तिसऱ्यांदा बोलले असते तर माझ्या जागी दुसरीला घेतलं असतं.” तिचा आवाज चढला. “तुम्हाला राग परवडतो मॅडम. तुम्ही लॅपटॉप बंद केला आणि घरी गेलात. मी उद्या तिथंच बसणार आहे.”

“तू वाइंडिंग करत असतीस तर…”

“कुठं करत असते? सांगा ना, कुठं? तीन कारखान्यांत तुम्हीच घेऊन गेला होता मला. काय म्हणाले ते? मुलगी खांबावर कशी चढणार. ऑफिसात फायली लावशील का. तुमच्यासमोर म्हणाले. तेव्हा तुम्ही नाही ओरडलात. चहा पिऊन आलात तुम्ही त्यांच्याकडे.”

मी फोन ठेवला. तिचं खरं होतं. मी चहा प्यायले होते. त्या कारखान्यांत माझी बाकीची मुलं लागायची होती, त्यांच्यासाठी मला ते लोक हवे होते. त्या दिवशी गिळलेला राग आत्ता पुण्याच्या त्या मऊ आवाजाच्या माणसावर निघाला असेलही. पण म्हणून तो चुकीचा होता असं मला वाटत नाही. तेव्हाही वाटलं नाही.

चार दिवसांनी मी शांतपणे बसून पत्र लिहिलं. माझी पानं वापरायची असतील तर तीन बदल करा. पडलेला प्रत्येक माणूस उठेल असं दाखवू नका. रेघ जमिनीपर्यंत दाखवणारच असाल, तर ओल्या जमिनीवर हे हत्यार जास्त धोक्याचं आहे हे खेळणाऱ्याला कळू द्या. आणि पाणी भरणाऱ्या बायकांना निशाणा करू नका. उत्तर लगेच आलं, फार आदरानं लिहिलेलं. मुद्दे मोलाचे आहेत, दुसरा तर विशेष, त्यावर आम्ही नक्की काम करू. मी ते उत्तर दोनदा वाचलं आणि मूर्खासारखी समाधान पावले.

गेम आला तेव्हा मला कुणी कळवलं नाही. कळलं ते वर्गात. मधली सुट्टी संपली तरी चार-पाच जण एका मोबाइलवर वाकले होते. मी गेले. पहिल्या बाकावरची मुलगी, वर्गातली सगळ्यात हुशार, मान वर न करता शेजारच्याला शिकवत होती, “कोरड्यात नको मारू. पाण्यात येऊ दे त्याला. ओल्या जमिनीवर दुप्पट मिळतात.”

“काय दुप्पट?” मी विचारलं.

ती दचकली. “पॉइंट, मॅडम.”

मी मोबाइल हातात घेतला. हत्यारांच्या यादीत माझी गोळी होती. आकृती माझीच, टाचण्यांमधलं अंतरसुद्धा मी लिहिलं होतं तेवढंच. खाली दोन ओळी: ओल्या जमिनीवर दुप्पट परिणाम. लक्ष्याला पाण्याकडे ढकला.

माझ्या इशाऱ्याचं त्यांनी बक्षीस केलं होतं. मी एकोणीस वर्षं फळ्यावर जे वाक्य लिहीत आले, ओल्या हातानं, ओल्या पायानं विजेजवळ जाऊ नका, तेच उलटं करून त्यांनी पोरांच्या हातात दिलं होतं. आणि पोरं ते पटकन शिकली होती. माझ्याकडून वर्षभरात इतक्या पटकन कुणी शिकलेलं मला आठवत नाही.

मोबाइल घरी नेला, म्हणजे जप्तच केला, आणि रागारागात स्वतः खेळायला बसले. काय केलंय ते सगळं बघायचं होतं. पहिल्यांदा अंगठा चुकत होता. मग जमायला लागलं. एक चोर पळत होता, मी थांबले, त्याला डबक्यात जाऊ दिलं, मग बटन दाबलं. तो थरथरला. आकडा दुप्पट झाला आणि माझ्या तोंडून ‘हां!’ असं निघून गेलं. बाहेरच्या खोलीतून नवऱ्यानं विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही.” मोबाइल उपडा ठेवला. आजवर कुणावर आला नसेल इतका राग मला त्या वेळी त्या अंगठ्याचा आला.

टँकरची लेव्हल मात्र मला त्यात सापडली नाही.

त्यानंतर पाचेक महिने मी त्या पोरीशी बोलले नाही. तिचे दोन मेसेज आले, मी उत्तर दिलं नाही. मग एका रविवारी मैंदर्गीला जाता जाता ती थेट दारातच उभी राहिली. वाळली होती. मी आत ये म्हटलं, पण बस म्हटलं नाही. ती आपणहून बसली.

मी विचारलं, “टँकरची लेव्हल कुणी काढली? तू?”

मला मनातून तिनं हो म्हणायला हवं होतं. तिनं हो म्हटलं असतं तर मी कदाचित सगळं विसरले असते.

“नाही मॅडम. फाइल जड होत होती. इतक्या बायका, इतक्या कळश्या, साध्या मोबाइलवर गेम अडकायचा. म्हणून काढली.”

“म्हणजे मी बोलले म्हणून नाही.”

“नाही.”

“तू बोललीस म्हणूनही नाही.”

“नाही. खोटं कशाला सांगू?”

बाहेर कुणाची तरी मोटर घरघरत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, “दुप्पटीचं मी भांडले होते. खरंच भांडले. सर म्हणाले, मॅमनीच सुचवलंय, त्यांचं पत्र आहे आपल्याकडे.”

मी उठून स्वयंपाकघरात गेले. भाकरीचं पीठ मळायला घेतलं, कारण हाताला काहीतरी हवं होतं. ती दारात येऊन उभी राहिली.

“अजून रागावलाय?”

“व्हय.”

“माझ्यावर?”

“तुझ्यावर पण.”

“बरं,” ती म्हणाली. “जेवायला थांबू का नको?”

“थांब. आणि ती मेथी निवड.”

तिनं जुडी पुढ्यात ओढली आणि पानं खुडायला लागली. मी तव्यावर भाकरी टाकली. इतकी जोरात थापली होती की ती कडेनं फाटली.